बियाची पेंडी

आमच्या यांना लोखंडाचा फार नाद. बैल आजारी पडला तर हे डॉक्टरला निरोप धाडून मोकळे व्हायचे, पण विहिरीवरचं इंजन खोकायला लागलं की दिवसभर त्याच्या उशाशी बसून. मी तोंडावर बोलून दाखवलं तर म्हणायचे, "बैलाला देव हाय. इंजनाला कोन हाय?" 

आमचं गाव बोरीपासून आत. जमीन थोडी, बरीचशी कोरडवाहू, विहिरीच्या पाण्यावर भिजेल तेवढंच बागायत. लग्नाआधी हे परभणीला एका वर्कशॉपात वेल्डिंग शिकले होते. परत आले ते वेल्डिंगचा काळा चष्मा घेऊनच, आणि गावात कुणाचं काही मोडलं की चष्मा लावून हजर. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर अजून व्हायचं होतं. आंदोलनात कधी एस.टी. बंद पडेल याचा नेम नसायचा, त्यामुळे एक नट आणायला परभणीला गेलेला माणूस नट घेऊन त्याच दिवशी परत येईल अशी खात्री नव्हती. गावातल्या गावात जोडून देणाऱ्याला म्हणूनच मान होता. तो मान यांच्या डोक्यात गेला होता, हेही सांगायला हवं.

यांनी मशीन केली ती करडईसाठी. करडई झोडपणं म्हणजे हातापायाला पोती गुंडाळायची आणि तरीही संध्याकाळी दिव्याखाली बसून काटे काढायचे. यांनी डांबराचं एक रिकामं पिंप आणलं, त्यात लोखंडी दाते बसवलेला रूळ टाकला, खाली चाळणी लावली, बाजूला पंखा लावला आणि विहिरीवरचं डिझेल इंजन ओढून आणून त्याला पट्टा चढवला. वरून पेंडी घालायची, खालून दाणे पडायचे, मागच्या तोंडातून भुसकट उडायचं. पहिल्या हंगामात दोनदा पट्टा सुटला आणि एकदा यांचं धोतर जाता जाता वाचलं. दुसऱ्या हंगामात मात्र करडई अशी निघाली की आजूबाजूच्या गावचे लोक बघायला आले. तेव्हापासून यांनी धोतर सोडून पँट घातली. मी म्हणाले, "मशिनीनं येवढं तरी चांगलं केलं."

आता माझ्या धन्यांचं सांगते.

आमच्याकडं हरभऱ्याच्या कडेनं आणि पाण्याच्या पाटाच्या काठानं धने टाकतात. कडेचे ते धने घरातल्या बाईचे. पेरायचे तिनं, उपटायचे तिनं, विकायचे की मसाल्याला ठेवायचे तेही तिनंच ठरवायचं. पुरुषमाणूस त्यात बोलत नाही. माझं माहेर पालमच्या बाजूचं, आणि माझे धने माहेरचे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीहून परत निघाले तेव्हा आईनं आपल्या लुगड्याची एक चिंधी फाडून तिच्यात ओंजळभर बी बांधून दिलं होतं. दाणा बारीक, रंगानं हिरवट, आणि वास असा की ते बोचकं पिशवीत आहे हे एस.टी.तल्या मागच्या बाकावरच्या बाईलाही कळलं. जिंतूरचा एक मसालेवाला मला विचारूनच माझे धने घ्यायचा. पुढं आई गेली. भावानं शेतात सगळा कापूस लावला आणि माहेरचे धने बंद झाले. म्हणजे आईच्या हातचं ते बी जगात कुठं असेल तर माझ्या पाटाच्या काठावर. मी ते उघड बोलून दाखवत नसे. पण दर वर्षी उगवून आलं की मला बरं वाटायचं, आई अजून थोडी आहे असं वाटायचं.

धन्यांचं काम नाजूक. पहाटेच्या दवात उपटायचे, म्हणजे दाणे गळत नाहीत. पेंड्या बांधून सावलीत वाळवायच्या, उन्हात टाकले की रंग जातो आणि वासही जातो. मग काठीनं हलक्या हातानं बडवायचे आणि सुपानं पाखडायचे. त्या धुळीनं शिंका येतात त्या दोन दिवस थांबत नाहीत. पण त्याआधी एक गोष्ट करायची, आणि ती न चुकता करायची. उपटतानाच सगळ्यात भरलेली झाडं निवडून बियाच्या पेंड्या वेगळ्या बांधायच्या. त्यांना सुतळी लावायची नाही, लुगड्याची चिंधी लावायची. चिंधीची पेंडी म्हणजे बियाची पेंडी, तिला कुणी हात लावत नाही. हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं.

त्या वर्षी धने छान आले होते. पेंड्या गोठ्याच्या सावलीत वाळत होत्या आणि हे येता-जाता त्यांच्याकडं बघत होते. मी नजर ओळखली.

"काय बघायलात?"

"काय न्हाई. लय शिंका येतेत ना तुला ह्याच्या?"

"येतेत. मंग?"

"मंग काय मंग. मशिनीत टाकू. एका घंट्यात काम."

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. शिंकांनी मी बेजार व्हायची, आणि बालवाडीची माझी नोकरी नुकतीच सुरू झाली होती, सुट्टी मिळत नव्हती. शिवाय करडई निघताना मी डोळ्यांनी पाहिली होती. मी म्हणाले, "टाका. पण चिंधीच्या पेंड्या सोडून."

"माहीत हाय गं," हे म्हणाले.

मशिनीपुढं नारळ फोडला. शेजारपाजारचे चार लोक जमले, कारण आमच्या गावात इंजन सुरू झालं की माणसं आपोआप जमतात. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मशिनीला कुंकू लावलं. यांनी इंजनाला हँडल मारलं, पट्टा फिरायला लागला आणि पहिली पेंडी आत गेली. असा घमघमाट सुटला की सगळे वा वा म्हणाले. मी वा म्हणाले नाही. धने एवढे वास मारतात ते फुटल्यावर, हे मला माहीत होतं. मी खाली वाकून चाळणीखालची मूठ भरून घेतली. सगळे दाणे उभे चिरून दोन-दोन झालेले. डाळच ती. अख्खा दाणा शोधून सापडेना, आणि मागच्या तोंडातून जे भुसकट उडत होतं त्यात काड्यांबरोबर न झोडलेले तुरेही जात होते.

मी मूठ यांच्यापुढं धरली. यांचा चेहरा उतरला. करडईचं टरफल कडक, तिला जो वेग लागतो त्याच वेगानं धने झोडले होते. फुटलेल्या धन्यांचा वास आठ दिवसांत उडून जातो, जिंतूरचा मसालेवाला त्याला हातही लावणार नव्हता. जमलेल्यांपैकी एकानं विचारलं, "मशीन धन्याची डाळ बी काढती व्हय?" आणि लोक हसले.

ते हसणं यांना लागलं. मला तेव्हाही कळलं होतं की ते लागलंय, पण मला माझ्याच मालाचं पडलं होतं. मी फुटलेले धने सुपात घेऊन घरात गेले, ते कुंकू लावून आत गेलेल्या आत्याबाईंना दाखवायला. आम्ही दोघी ते निरखत होतो तोवर बाहेर इंजनाचा आवाज बदलला. यांनी वेग कमी करून पाहिला होता. आणि वेग कमी करून पाहायचा तर आत घालायला पेंड्या हव्यात. सुतळीच्या पेंड्या तर पहिल्याच वेगात आत जाऊन संपल्या होत्या.

मी धावत बाहेर आले तेव्हा शेवटची चिंधी यांच्या हातात होती. नुसती चिंधी.

"कमी वेगानं नीट निघतील वाटलं," हे म्हणाले.

निघाले नव्हते. मी यांना काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. जमलेले लोक हळूच पांगले, एवढं सांगितलं तरी पुरे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. यांनी एवढंच म्हटलं, "पेंडी दिसली, घातली. चिंधीकडं ध्यानच गेलं न्हाई." ते खरं असणार. लोखंडापुढं यांचं कशाकडंच ध्यान जात नसे. पण खरं असल्यानं माझा राग कमी झाला नाही, उलट वाढला.

शेवटी आत्याबाईंनी तोड काढली. त्या म्हणाल्या, "येवढं काय मनाला लावून घ्यायलीस माय? पेरताना आपण धने चपलंखाली रगडूनच पेरतोत ना? एका दाण्याचे दोन केल्याबिगर कोण पेरतंय? मशिनीनं रगडून दिलेत. पेरणीला तेवढाच तरास वाचला."

आता हे इतकं रास्त होतं की मला ते पटलं. धने पेरायच्या आदल्या दिवशी आम्ही ओसरीत पसरतो आणि पायातल्या चपलेनं रगडतो. दाणा दुभंगला की मग पेरायचा, अख्खा पेरला तर नीट उगवत नाही. पिढ्यान् पिढ्या आम्ही धने फोडूनच पेरलेले. त्यामुळे फुटके धने म्हणजे वाया गेलेलं बी, असं आमच्या घरातच काय, गावात कुणाच्याही मनात आलं नसतं. मी चांगले दाणे निवडले, राख लावली, कडुलिंबाचा पाला घातला आणि आईच्याच चिंधीत बांधून आढ्याला टांगून ठेवलं. घरात मागच्या साली ठेवलेले थोडे अख्खे धने होते, ते उन्हाळ्यात काळ्या मसाल्याला भाजले. बी तर वर टांगलेलं आहे, मग काळजी कशाची?

मशीन गोठ्यात ढकलून ठेवली आणि भुसकटही तिच्यामागं लोटलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. यांनी मशिनीचं नाव काढलं नाही आणि मीही काढलं नाही. बोलायचो आम्ही, पण मीठमिरचीचं, पाण्यापावसाचं.

नवरात्राच्या आधी आमच्याकडं घर सारवायचं, भिंती लिंपायच्या. मातीचा गारा करताना त्यात भुसकट घालावं लागतं, नाहीतर भिंत तडकते. त्या वर्षी गव्हाचं भुसकट बैलांनी संपवलं होतं, म्हणून मी मशिनीमागं पडलेलं धन्यांचं भुसकट घेतलं. तसंही ते जनावरं खात नव्हती. गारा चांगला तीन-चार दिवस कुजू दिला आणि मागची भिंत लिंपली. न्हाणीला लागून असलेली ही भिंत कायम ओली असते, तिलाच दर वर्षी लिंपावं लागतं.

मग घट बसले. घटाभोवती माती घालून त्यात आपल्या शेतात जे-जे पेरायचं ते-ते धान्य टाकायचं, आणि कोणतं कसं उगवतं ते बघायचं. देवीचं देवीला, आणि बियाची परीक्षाही होते. मी गहू, ज्वारी, हरभरा, करडई टाकली आणि आढ्यावरची चिंधी सोडून चिमूटभर धनेही टाकले. गहू ज्वारी दोन-तीन दिवसांत वर आली. करडई आली. हरभऱ्यानं माती उचलली. धने नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, धने उशिरानंच येतात. ते खरं आहे, म्हणून मी वाट पाहिली. दसऱ्याला घट हलवला, सगळ्यांनी कोवळे अंकुर टोपीत आणि केसांत खोवले, आणि मी बोटानं माती उकरून धने बाहेर काढले. मऊ पडलेले, काळे. दाबले की पीठ.

चपलेनं रगडलेला दाणा दुसऱ्या दिवशी मातीत जातो. मशिनीनं चिरलेला आमचा दाणा अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा उघड्या पोटानं टांगून राहिला होता. एवढी साधी गोष्ट तेव्हा कळली. चिंधीतले उरलेलेही मी ओल्या फडक्यात घालून पाहिले. एकालाही मोड आला नाही.

मला रडू आलं. आई गेली तेव्हा माणसं होती, स्वयंपाक होता, रडायला धड सवड मिळाली नव्हती. ते सगळं रडू दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसून आलं. हे आत आले, मला पाहिलं, ते फडकं पाहिलं. बाजारातून धने आणून देतो, असं काहीतरी म्हणतील असं मला वाटलं होतं, आणि तसं म्हणाले असते तर मी लाटणंच फेकलं असतं. पण हे तसेच बाहेर गेले. थोड्या वेळानं न्हाणीत बादलीचा आवाज आला. आणि मग हाक आली.

"अगं ए! हिकडं ये बरं जरा!"

टॉवेल संपला असेल म्हणून मी टॉवेल घेऊन गेले. हे अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत भिंतीपुढं उभे होते.

"हे काय उगवायलंय भिंतीला?"

न्हाणीच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीपर्यंत, मी लिंपलेल्या भिंतीतून हिरवे कोंब बाहेर आले होते. काही नुसते दोन लांबट पानांचे, काहींना तिसरं कातरलेलं पान फुटायला लागलेलं. मी एक पान खुडलं आणि बोटांत चुरडलं. सांगायची गरज नाही, वासानंच मला कळलं. यांनाही कळलं असावं, कारण हे साबणासकट खाली बसले.

मशिनीत न झोडता मागच्या तोंडातून उडालेले तुरे! ज्या तुऱ्यांवरून मी मशिनीला नावं ठेवली होती, त्यांतले दाणे अख्खे राहिले होते. चिकणमातीच्या गाऱ्यात भिजून, कुजून, ते भिंतीतून उगवले होते.

"भुसकट आजून हाय का?" मी विचारलं. मशिनीमागचं तर मी झाडून नेलं होतं.

हे एकदम उठले आणि तसेच ओल्या अंगानं गोठ्याकडं निघाले. मी टॉवेल घेऊन मागून. पावसाळ्यात इंजन गोठ्यात असायचं; ते पुसताना आणि त्याचा फिल्टर साफ करताना बसायला यांनी एक पोतं भरून ठेवलं होतं, गादीसारखं. कशानं भरलं होतं ते आता आठवलं. सबंध पावसाळाभर हा माणूस माझ्या आईच्या बियावर बसून इंजनाची सेवा करत होता.

पोत्याला डिझेलचा वास येत होता. आम्ही ते ओसरीत रिकामं केलं आणि संध्याकाळपर्यंत दोघं काड्या निवडत बसलो. आत्याबाईही येऊन बसल्या. हे शिंकले, मी शिंकले, आत्याबाई शिंकल्या. सगळं पाखडून ओंजळभर दाणे निघाले. आईनं दिले होते तेवढेच म्हणा ना. दुसऱ्या दिवशी ते रगडायचे होते. हातात पायताण घेऊन मी बसले तर यांनी ते माझ्याकडून घेतलं आणि स्वतः रगडलं, इतक्या हळू की निम्मे फुटलेच नाहीत आणि मला पुन्हा रगडावे लागले. विहिरीजवळच्या पाटाच्या काठी, जिथं पाणी कधी कमी पडत नाही तिथं, मी ते टाकले. भिंतीवरचे कोंब जागच्या जागी सुकून गेले. ती भिंत मी पुढं बरेच दिवस लिंपू दिली नाही.

धने आले. थोडेच, पण दाणा तोच.

दरम्यान यांनी मशिनीवर पुन्हा काम सुरू केलं होतं. या वेळी मला न दाखवता, लपूनछपून. रुळाची पुली मोठी केली म्हणजे वेग कमी होतो, हे यांनी हिशोब करून काढलं. लोखंडी दात्यांवर सायकलच्या जुन्या टायरच्या पट्ट्या ठोकल्या. मी एकदा गोठ्यात डोकावले तर हे मूठभर करडई घालून बघत होते. धने मागायची हिंमत झाली नसणार. धने वाळले तेव्हा मीच म्हणाले, "बघा टाकून. थोडेच हायेत, नुकसान बी थोडंच व्हईल." मी असं का म्हणाले असेन? यांच्या मशिनीवर माझा विश्वास बसला होता असं नाही. लोक हसले तेव्हाचा यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता, एवढंच.

या वेळी नारळ नव्हता, माणसंही नव्हती. थंडीनं इंजन कुरकुरत होतं. यांनी हँडल मारून मारून घामाघूम होत ते कसंबसं सुरू केलं, पट्टा चढवला, आणि मशीन नीट फिरायला लागली. मी पेंड्या पुढं सरकवल्या. यांनी एक पेंडी उचलली, तिची सुतळी निरखून पाहिली, आणि मशिनीच्या तोंडाशी नेऊन थांबले.

"बी काढलंस का?" यांनी इंजनाच्या आवाजावर ओरडून विचारलं.

काढलं होतं. पहाटेच झोडून, पाखडून, चिंधीत बांधून, आढ्याला टांगूनसुद्धा झालं होतं. पण मी म्हणाले, "न्हाई."

यांनी पेंडी खाली ठेवली. एवढ्या मेहनतीनं सुरू केलेलं इंजन बंद केलं. ढिगातली सगळ्यात भरलेली पेंडी शोधून काढली, जमिनीवर फतकल मारून बसले आणि कोपऱ्यातली काठी घेऊन हलक्या हातानं बडवायला लागले, शिंकत शिंकत.